बेरोजगारीच्या दराखालचा भाजकही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘बेरोजगारी घटली’ या बातमीत बहुतेकदा दर तेवढा असतो. तो कशामुळे घटला, हे त्यावरून कळत नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येप्रमाणे बेरोजगार तोच, ज्याला काम नाही, जो ते शोधतो आहे आणि मिळाल्यास रुजू होऊ शकतो. शोध थांबवला की त्याचे नाव बेरोजगारांतून जाते, श्रमशक्तीतूनही, म्हणजे कामावर असलेले आणि काम शोधणारे यांच्या एकूण संख्येतूनही, जाते; हीच संख्या दराचा भाजक. पंधरा वर्षांवरील १,००० माणसे धरा. ५७० कामावर, ३० शोधात. श्रमशक्ती ६००, दर ५ टक्के. त्या तिसांतल्या वीस जणांनी थकून शोध सोडला, की उरले ५८० मध्ये १० बेरोजगार. दर १.७ टक्के! काम मात्र एकालाही मिळालेले नाही. श्रमशक्तीतला सहभाग ६० वरून ५८ टक्क्यांवर आला आणि कामावर असलेल्यांचे लोकसंख्येशी प्रमाण ५७ टक्क्यांवरच राहिले, हे शेजारी छापले असते तर कोणी फसले नसते. उलटही होते. बाजार सुधारू लागला की घरी बसलेले पुन्हा अर्ज करतात आणि दर चढतो. त्याला मंदी म्हणणे चूक.

‘कामावर’ या शब्दाखालीही बरेच झाकले जाते. पाहणीच्या आठवड्यात मोबदल्याचे एक तास काम केले तरी ती व्यक्ती रोजगारात धरतात. म्हणून कामाचे तास पाहावेत.

सरासरी वेतनाबाबत तर फारच जपून. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत सुमारे २ कोटी ५ लाख नोकऱ्या गेल्या, असे पहिल्या अहवालात आले आणि त्याच अहवालात ताशी सरासरी वेतन १.३४ डॉलरने वाढून ३०.०१ डॉलर झाले होते. पगारवाढ झाली नव्हती. कमी पगाराचे लोक मोठ्या संख्येने यादीतून गेले, म्हणून सरासरी वर सरकली. त्याच महिन्याचा बेरोजगारीचा दर १४.७ टक्के जाहीर झाला, पण कामबंदीमुळे घरी असलेल्या अनेकांची नोंद ‘इतर कारणाने गैरहजर’ अशी, म्हणजे रोजगारातच, झाली होती. ती नीट झाली असती तर दर जवळपास ५ टक्के-बिंदूंनी जास्त दिसला असता, हे आकडे काढणाऱ्या कार्यालयाने स्वतःच सांगितले.

तुलना मागच्या महिन्याशी करायची तर हंगामी चढउतार वगळलेले आकडे घ्यावेत. ते नसतील तर गेल्या वर्षीचा तोच महिना. पाहणी नमुन्यावर चालते, तेव्हा दशांश टक्क्याचा फरक त्रुटीच्या मर्यादेत असू शकतो. तो मथळ्यात नको.

पुढचा अहवाल येईल तेव्हा दर, सहभाग आणि कामावर असलेल्यांचे प्रमाण एकाच चौकटीत छापावे, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक