खुर्ची रिकामी करून देणाऱ्या पोरीला

पोरी,

नाव छापायचं नाही असं तू बजावलंस, म्हणून छापत नाही. पण आपल्या तालुक्याच्या गावात ई-सेवा केंद्रं मोजकी, आणि त्यांत सातबारा काढून देताना "काका, पोटखराबा म्हणजे नक्की काय हो?" असं उलट विचारणारी एकच. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

तोंडावर आभार मानले असते तर "जाऊ द्या हो काका" म्हणत तू पुढच्या माणसाचा आधार नंबर टाइप करायला लागली असतीस. त्यामुळे लिहून मानतो आहे, आणि चारचौघांत मानतो आहे.

तुझ्या मदतीने ब्लॉग सुरू झाला. पहिला लेख जमीन मोजायच्या शंकू साखळीवर गेला. 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे, साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. हल्ली मोबाइलवर गुंठ्याचे चौरस फूट झटक्यात निघतात, पण 1089 हा आकडा आला कुठून असं विचारलं तर प्लॉट विकणारेसुद्धा आभाळाकडे बघतात. दुसरा लेख 1836 साली इंदापूर तालुक्यात लागू झालेल्या गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या जमीन मोजणीवर. आता जुनं टिपण, म्हणजे शेताच्या मोजणीची मापं टिपलेला कागद, कसं वाचायचं ते लिहायला घेतलंय. बांधावरून भावाभावांची डोकी फुटतात तेव्हा दोघांच्याही पिशवीत त्याच टिपणाची नक्कल असते, आणि दोघांनाही ती वाचता येत नसते. भूकरमापकाची उभी नोकरी मी हेच बघत काढली.

हे सगळं वह्यांत पडून होतं, थोडंफार श्रीलिपी या जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या फायलींत होतं. ते बाहेर काढून देतो म्हणणारी माणसं तुझ्याआधीही भेटली. त्यांच्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय तुझे आभार पुरे व्हायचे नाहीत.

आमचा भाचा म्हणाला, "मामा, आता ब्लॉग कोण वाचतं? रील करा." मी साखळी गळ्यात अडकवून नाचावं अशी त्याची अपेक्षा असावी. ते सोड, तो निदान मोफत सल्ला होता. जिल्ह्याच्या गावातल्या त्या काचेच्या ऑफिसचा सल्ला मात्र विकतचा होता. "सर, तुम्ही फक्त मजकूर द्या, बाकी आमच्यावर सोडा." मी मजकूर दिला. त्यांनी श्रीलिपीतल्या फायली उचलून जशाच्या तशा चिकटवल्या, आणि साइट उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं नाचायला लागली. फॉन्ट जुना आहे, आधी तो युनिकोडमध्ये आणावा लागतो, ही गोष्ट त्या ऑफिसात कोणालाही सुचली नाही. दुरुस्तीचे पैसे वेगळे सांगितले. पुढच्या वर्षी साइटच्या नावाच्या, म्हणजे डोमेनच्या, नूतनीकरणाचा आकडा कितीतरी पटींनी मोठा आला. मी म्हटलं, नाव माझ्याकडे द्या, मी बघतो काय करायचं ते. "सर, प्रोसेसमध्ये आहे." ही प्रोसेस चालू असतानाच मुदत संपली. आज त्या पत्त्यावर रमीची जाहिरात लागते.

हे तुला सांगितलं तेव्हा तू त्यांना शिव्या दिल्या नाहीस, मलाही शहाणपण शिकवलं नाहीस. त्या नावाची जुनी नोंद काढून स्क्रीन माझ्याकडे वळवलीस. नोंदणीदाराच्या रकान्यात कंपनीचं नाव, ईमेलही कंपनीचा. "काका, सातबाऱ्यावर कब्जेदार तेच होते. तुम्ही नुसतं पीकपाण्याला." जन्मभर लोकांना सातबारा वाचून दाखवला, पण इतका पटकन कळलेला मला आठवत नाही. डॉट कॉमचं नाव मुदतीनंतर लगेच जात नाही, आधी थोडी सवलत मिळते आणि त्यानंतरही जादा दंड भरून सोडवायला 30 दिवस असतात, हे तुझ्याकडूनच कळलं. म्हणजे माझं नाव वाचवता आलं असतं. त्या ऑफिसने तेवढं एक वाक्य फोनवर सांगायला हवं होतं.

पुढे तू लगेच हेही सांगितलंस की याला मालकी म्हणू नका, हा भाडेपट्टाच आहे, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा. विकणाऱ्याने असं सांगितलं नसतं. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर दाखवणाऱ्या जाहिराती तू खाली सरकवल्यास आणि बारीक अक्षरातला नूतनीकरणाचा दर बोटाने दाखवलास.

नाव ठरवताना आपण हसलो किती! मला 'शंकूसाखळी' हवं होतं. तू म्हणालीस, बघू या, आणि रांगेत उभ्या असलेल्या लोकांना ते मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत टाइप करायला लावलंस. कोणी शंकूच्या शेवटी एक अक्षर जास्त घातलं, कोणी कमी, आणि 'ळ'चं तर प्रत्येकाने आपल्या मनाने काहीतरी केलं. 'शिवार' म्हटलं तर अर्धे लोक एका 'व'ने लिहिणारे, अर्धे दुसऱ्या. 'तेहतीस फूट' तूच मोडीत काढलंस: आकडा आला की समोरचा विचारणार, आकड्यात लिहू की अक्षरात? मधे आडवी रेघ नको, कारण फोनवर ती सांगता येत नाही. शेवटी 'टिपण' सगळ्यांनी सारखं लिहिलं. ते एकटं रिकामं नव्हतं, मागे आणखी एक शब्द जोडावा लागला, चालायचंच. या सगळ्या वेळात रांग खोळंबली होती आणि कोणाची तक्रार नव्हती. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेल्या आजीबाईंनी तर मला दोन नावं सुचवली.

पत्ता सबंध देवनागरीत घ्यायचा माझा हट्ट होता. 2014 पासून डॉट भारत मिळतं, मग का नको? तू नाही म्हणाली नाहीस. एका देवनागरी पत्त्याची नक्कल करून दुसरीकडे चिकटवून दाखवलीस, तर तिथे एक्स, एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं काहीतरी अगम्य उमटलं. "संगणक आतून हेच वाचतो. काही ठिकाणी लोकांनाही हेच दिसेल, आणि त्यांना वाटेल हा फसवणुकीचा दुवा आहे." मी मुकाट्याने डॉट इन घेतलं. हट्ट अजून सुटलेला नाही, पण तो पुढे कधीतरी.

ब्लॉग ब्लॉगरवर मांडायचा की वर्डप्रेसवर, यावर लोक तासन्‌तास भांडतात. तू पाच मिनिटांत उरकलंस, आणि त्या पाच मिनिटांत तुझा स्वभाव दिसला. स्वतःची जागा भाड्याने घेऊन वर्डप्रेस बसवलं तर सजावट हवी तशी करता येते, पण अपडेट, बॅकअप, प्लगइन हे सगळं कोणीतरी सांभाळावं लागतं. "ते मीच सांभाळीन, काका. पण उद्या मला पुण्यात नोकरी लागली तर?" दुसऱ्या कोणी इथेच वार्षिक देखभालीचं बिल पुढे केलं असतं. तू ब्लॉगर सुचवलंस, फुकट आहे म्हणून नव्हे, तर तुझ्यावाचून चालेल म्हणून. ब्लॉगर गूगलचं, आणि गूगल आपली दुकानं बंद करतं हेही लपवलं नाहीस: 2013 मध्ये रीडर गेलं, 2014 मध्ये ऑर्कुट, 2019 मध्ये गूगल प्लस. ब्लॉगरचंच ब्लॉगस्पॉट डॉट इन हे नाव तर 2020 मध्ये खुद्द गूगलच्याच हातून निसटलं, म्हणजे मुदतीकडे दुर्लक्ष थोरामोठ्यांचंही होतं. म्हणून नाव आपलं हवं, लेखांची प्रत आपल्याकडे हवी. ब्लॉगर उठलं तर बिऱ्हाड हलवता येतं, पत्ता तोच राहतो. नाव ब्लॉगला जोडायची पुढची जोडाजोडी, ते सीनेम-बिनेम, तू करून घेतलंस आणि मला त्यातलं काही आठवत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते.

खातं उघडताना पासवर्डची चौकट आली, आणि तू खुर्चीवरून उठलीस. मला म्हणालीस, "इथे बसा." काउंटरच्या आतली, तुझी स्वतःची खुर्ची. "मी बाहेर थांबते. झालं की हाक मारा." आणि खरंच बाहेर गेलीस, रस्त्याकडे तोंड करून उभी राहिलीस. मी एका बोटाने अक्षरं शोधतोय, चुकतंय, परत टाकतोय, बाहेर माणसं ताटकळलेली, आणि तू एकदाही वळून बघितलं नाहीस.

त्या काउंटरवर दिवसभर काय चालतं ते मी कित्येकदा बघितलंय. "ओटीपी सांगा" असा आवाज येतो आणि माणसं अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असा आकडा सांगतात. म्हातारी माणसं सरळ फोनच हातात देतात. तुला सवय आहे, आम्हाला सवय आहे, कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. माझा पासवर्ड तू टाइप केला असतास तर मी विश्वासाने सांगितला असता आणि दोन मिनिटांत काम झालं असतं. तू अर्धा तास घालवलास. त्या काचेच्या ऑफिसात माझ्यासाठी कॉफी आली, एसी होता, आणि 'सर' तर वाक्यागणिक होतं. किल्ली मात्र कोणी दिली नाही.

निवृत्त माणसाला लोक मान बराच देतात, पोरी, पण त्याच्या हातून काम करून घेत नाहीत. त्याचे फॉर्म भरतात, त्याच्या वतीने बटणं दाबतात, वर "तुम्ही बसा" म्हणतात. माझ्या ओळखीचे काही भूकरमापक शेतकऱ्याला हद्दीच्या खुणा दाखवताना साखळीचं दुसरं टोक त्याच्याच हातात द्यायचे, आणि त्याच्या शेजाऱ्यालाही बोलावून घ्यायचे. त्यांची कामं उशिरा उरकायची, वरून बोलणी खावी लागायची. अशा माणसांनी मोजलेल्या गावांत पुन्हा मोजणीचे अर्ज कमी यायचे, निदान माझा अनुभव असा. ती माणसं मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या आठवली.

आणि जाताना तू विचारलंस, "काका, वारसनोंद कोणाची लावायची?" मला वाटलं थट्टा करतेस. तू गंभीर होतीस. नूतनीकरणाची सूचना माझ्याबरोबर आणखी कोणाला जायला हवी, मी नसताना पासवर्ड कोणाला माहीत असेल. मुलीचा ईमेल दिला. संध्याकाळी तिचा नागपूरहून घाबरून फोन आला, बाबांनी कसली जमीन घेतली म्हणून.

पैशांचा विषय तू काढू दिला नाहीस; पावती फाडलीस ती फक्त प्रिंटची. तेवढ्यावर मी गप्प बसणार नाही, पण ते तुझ्या आईशी बोलून ठरवीन.

एक काम राहिलंय. लेखाला मराठी शीर्षक दिलं की दुव्यात नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' उमटतं, म्हणून छापण्याआधी तिथे आपल्या हाताने चार इंग्रजी अक्षरं लिहायची, हे तू शिकवलं होतंस. ते जमतंय. युनिकोडमध्ये आणताना रफार इकडचे तिकडे झाले होते, तेही बरेचसे निस्तरले. 'माझ्याविषयी' हे पान मात्र अजून कोरं आहे आणि तिथे फोटो टाका असं तू दोनदा सांगितलंस. फोटो टाकणार नाही. साखळीचा टाकतो, चालेल का ते कळव.

तुझा,
टिपणवाला काका