लेव्हल बुकं रद्दीत घालू नका, आधी आम्हाला फोन करा! माजी सहकारी मंडळाचं आवाहन

नमस्कार मंडळी,

मागच्या महिन्यात आपल्या सर्व्हेअर काकांच्या घरून काकूंचा फोन आला. काका गेले त्याला दीड वर्ष होऊन गेलं, माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे, त्यात कोकण रेल्वेच्या साइटवरच्या जुन्या वह्या आहेत, उद्या रद्दीवाला येणारे तर तुम्हाला काही हवं असेल तर बघून जा म्हणाल्या. आम्ही तिघंजण त्याच संध्याकाळी गेलो. ट्रंक उघडली आणि वर एक जुना शर्ट, त्याखाली सतरा लेव्हल बुकं (सर्व्हेअरच्या उंचीच्या मापांच्या वह्या), रबरबँड लावलेले फोटो, आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत मेसच्या हिशोबाची वही.

एक लेव्हल बुक तिथेच जमिनीवर बसून उघडलं. पावसात भिजून फुगलेली पानं, सगळं पेन्सिलीने, कारण शाईने लिहिलं तर कोकणातल्या पावसात काही उरत नाही हे काका नवीन पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचे. बॅकसाइट, फोरसाइट (स्टाफवरची, म्हणजे मापाच्या उंच पट्टीवरची मापं) आणि आर.एल. (त्यावरून काढलेली उंची) चे रकाने तर होतेच पण कडेच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात काय काय लिहून ठेवलंय, "दुपारी 2 नंतर पाऊस, काम बंद", "स्टाफ धरणाऱ्याला ताप, त्याला कॅम्पवर पाठवला", "हेडिंगला पाणी लागलं" (म्हणजे बोगद्याच्या खोदायच्या टोकाला). आणि प्रत्येक पानाखाली त्या दिवशी स्टाफ कोणी धरला, पेग कोणी ठोकले त्यांची नावं. मी कंपनीत टाइमकीपर होतो, सात वर्षं मस्टर माझ्या हातात होता, त्यामुळे ती नावं वाचताना मला माणसं दिसत होती, चालण्यासकट. तिथे आम्ही तिघंही बराच वेळ काही बोललो नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो (आता आपली मुलं, सुना, नातवंडंपण ग्रुपवर आहेत). आपली कंपनी कोकण रेल्वेच्या कामावर रत्नागिरी भागात ठेकेदार म्हणून होती, दोन बोगदे, त्यांच्या पोर्टलपर्यंतची (तोंडापर्यंतची) डोंगरातली कटिंगं आणि काही छोटे पूल एवढं आपल्याकडे. नाथ पै, मधु दंडवते यांनी ज्या रेल्वेसाठी एवढी वर्षं आवाज उठवला तिचं महामंडळ 1990 मध्ये स्थापन झालं, ई. श्रीधरन प्रमुख झाले, आणि 26 जानेवारी 1998 ला रोह्यापासून मंगळूरपर्यंत साडेसातशे किलोमीटरच्या आसपासचा सगळा मार्ग सुरू झाला. 92 बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजाराच्या जवळपास पूल. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवलचा 64 मीटर उंच पूल लोकांना माहीत असतात, त्याबद्दल लिहिलंही गेलंय आणि ते योग्यच आहे. पण बाकीचे बोगदे काय आपोआप पडले का? प्रत्येकावर आपल्यासारखी एकेक कंपनी होती, कॅम्प होता, मेस होती, शेकडो माणसं होती.

आणि ती माणसं कुठून कुठून आलेली! मातीकामाला पालमूरकडची (तेलंगणातल्या महबूबनगर भागातली), नवरा बायको पोरं सगळं बिऱ्हाड घेऊन. जड सामान चढवायला उतरवायला मलबारचे खलाशी, बोगद्यात ड्रिलिंगला ओडिशा बिहारची पोरं, आणि आसपासच्या वाड्यांमधले आपले गाववाले, ज्यांनी आधी कधी जिलेटिनची कांडी पाहिली नव्हती आणि दोन वर्षांनी ब्लास्टिंगच्या आवाजावरून सांगायचे की दगड कसा लागलाय. ड्रिलिंग, चार्जिंग (भोकांत स्फोटकं भरणं), ब्लास्ट, मग धूर जाईपर्यंत बाहेर थांबायचं, मग आत जाऊन लोंबकळणारे दगड लांब सळईने पाडायचे, हे सगळ्यात धोक्याचं आणि ते कोण करायचं तर ज्यांची नावं कुठल्याच ड्रॉइंगवर नाहीत ते. त्यानंतर मकिंग (फुटलेला दगड बाहेर काढणं), रॉक बोल्ट (दगड धरून ठेवणाऱ्या सळया), शॉटक्रीट (भिंतींवर फवारलेलं काँक्रीट), आणि परत पहिल्यापासून. रात्रंदिवस, शिफ्टवर शिफ्ट.

ब्रेकथ्रूचा दिवस आठवतो का रे? दोन्ही बाजूंनी खोदत आणलेला बोगदा, पलीकडच्या ड्रिलचा आवाज दोन दिवस आधीपासून भिंतीला कान लावला की यायचा, काका तर तीन रात्री झोपले नव्हते, सेंटर लाइन (बोगद्याची मधली रेषा) चुकली तर तोंड दाखवायला जागा नाही म्हणायचे. शेवटचा ब्लास्ट झाला, धूर जाईना म्हणून सगळे पोर्टलला उभे होते आणि अचानक धूर आपल्याच दिशेने यायला लागला, वारा पलीकडून येत होता! मुकादम ओरडला "हवा आली, हवा आली" आणि काका तिथेच मटकन खाली बसले. नंतर मोजलं तर दोन्ही सेंटर लाइनमधला फरक चार बोटंसुद्धा नव्हता. त्या ट्रंकेतल्या फोटोत तो दिवस आहे, सगळे चिखलाने माखलेले, कोणाचंच तोंड नीट ओळखू येत नाही, मागे एकाने चहाची किटली उंच धरलीय. त्या फोटोत बावीस माणसं आहेत आणि आम्हाला फक्त नऊ जणांची नावं सांगता आली. माझ्यासारख्या मस्टर लिहिणाऱ्यालाही!

म्हणूनच हे आवाहन. कंपनी बंद झाली तेव्हा ऑफिसातलं सगळं रेकॉर्ड गेलं, मस्टर, मेजरमेंट बुकं, साइट डायऱ्या टेम्पोत भरून किलोवर विकल्या गेल्या, आमच्यातल्या काहींनी ते डोळ्यांनी पाहिलंय आणि त्या वेळी कोणी अडवलं नाही याचं वाईट आजही वाटतं. आता जे काही उरलंय ते आपापल्या घरच्या माळ्यावर, कपाटात, आणि डोक्यात आहे. आणि आपली वयं बघा, त्या वेळी जे तिशीत होते ते आज साठीच्या पुढे गेले, सीनियर मंडळी ऐंशीला टेकली. मागच्या चार वर्षांत आपण अकरा जण गमावले.

तर हात जोडून विनंती अशी की घरी काहीही असेल, लेव्हल बुक, डायरी, फोटो, निगेटिव्ह, पगाराची पावती, मेसची चिठ्ठी, गावाकडून आलेलं पत्र ज्यात कामाबद्दल चार ओळी असतील, अगदी काँक्रीटच्या क्यूब टेस्टच्या (मजबुती तपासण्याच्या) नोंदींचे सुटे कागदसुद्धा, ते टाकू नका. मंडळाला कळवा, आम्ही घरी येऊन घेऊन जाऊ, स्कॅन करू आणि मूळ कागद तुम्हाला परत पाहिजे असतील तर महिन्याभरात परत देऊ. ज्या घरात आपला माणूस गेलाय तिथल्या वहिनींना, मुलांना खास सांगणं, तुम्हाला ते कागद निरुपयोगी वाटत असतील पण आम्हाला एकदा बघू द्या.

दुसरं म्हणजे आवाज. ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांनी बोलावं, आम्ही रेकॉर्ड करतो. यासाठी तरुण मुलं हवीत ज्यांना मोबाइलवर नीट रेकॉर्डिंग करता येतं आणि म्हाताऱ्या माणसाचं मध्ये न तोडता तासभर ऐकून घेता येतं. तेलुगू, मल्याळम, ओडिया येणारं कोणी असेल तर फारच मोठी मदत होईल, कारण पालमूरकडच्या दोन कुटुंबांचा पत्ता लागलाय आणि फोनवर आमचं तुटक हिंदी त्यांना कळत नाही आणि त्यांचं आम्हाला.

तिसरं पैसे, स्पष्टच बोलतो. स्कॅनिंग करून घ्यायचं, कागद ठेवायला एक बंद लोखंडी कपाट आणि ओल लागू नये अशी जागा, आणि जुन्या कामगारांच्या गावी जाऊन यायचा प्रवास, असा खर्च साधारण 1,80,000 रुपये धरलाय. त्यातले 62,000 मंडळाच्या मीटिंगमध्येच जमले. 500 रुपयांपासून कितीही द्या, एकदम जमत नसेल तर दोन हप्त्यांत द्या, पावती मिळेल आणि हिशोब दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ग्रुपवर टाकला जाईल, पै न् पैचा. या पैशातून कार्यक्रम, हारतुरे, शाल श्रीफळ काहीही होणार नाही हे मीटिंगमध्ये ठरवूनच घेतलंय.

कपाटासाठी रत्नागिरीत कोणाकडे वरच्या मजल्यावर कोरडी खोली रिकामी असेल तर आधी ते सांगा. आत्ता ट्रंक माझ्या घरी पलंगाखाली आहे, आठवड्यातून एकदा वह्या उन्हात घालतो, कडुनिंबाचा पाला ठेवलाय, पण दोन वह्यांना कसर लागलेली आहे आणि जून लागला की काय होतं ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. त्यामुळे पाऊस सुरू व्हायच्या आत जेवढं स्कॅन होईल तेवढं करून घ्यायचंय.

रत्नागिरी स्टेशनजवळ श्रमशक्ती स्मारक आहे, रेल्वेच्या कामावर जीव गेलेल्यांचं. आपल्या साइटवरचेही काहीजण परत घरी गेले नाहीत, त्यांच्या घरच्यांचा पत्ता कोणाकडे असेल, अगदी गावाचं नुसतं नाव आठवत असेल तरी कळवा.

आणि तो ब्रेकथ्रूचा फोटो खाली टाकतोय. मोठा करून बघा, घरातल्या जुन्या माणसांना दाखवा. डावीकडून तिसरा, डोक्याला टॉवेल बांधलेला, आणि किटलीवाला, या दोघांची नावं आधी हवीत. फोन रात्री दहापर्यंत कधीही करा, मंडळाच्या सेक्रेटरींचा आणि खजिनदारांचा नंबर सगळ्यांकडे आहेच.

तुमचाच,
टाइमकीपर, माजी सहकारी मंडळातर्फे