खाडीपासून खाडीपर्यंत

दापोली,
डिसेंबर

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तू सायकल घेतलीस हे कळलं आणि फार बरं वाटलं. आता जानेवारीत इकडे ये. वेळासपासून रत्नागिरीपर्यंत समुद्राच्या कडेकडेने जाऊ, मी सोबत आहेच. तू विचारलं आहेस, "किनाऱ्याचा रस्ता, म्हणजे सपाटच असणार ना?" उत्तर तिथूनच सुरू करतो, कारण कोकणातल्या सायकलिंगचं सगळं मर्म त्या प्रश्नात आहे.

सपाट अजिबात नाही. इथे जांभ्याचे सडे, म्हणजे तांबड्या दगडाची उघडी पठारं, थेट समुद्रापर्यंत येतात, आणि सह्याद्रीकडून येणाऱ्या नद्यांनी ते जागोजागी कापून काढलेत. सावित्री, जोग, वाशिष्ठी, शास्त्री... प्रत्येकीची खाडी वेगळी. त्यामुळे रस्त्याला दुसरा इलाजच नाही. सड्यावर चढायचं, वरच्या मोकळ्या माळावर जरा वेग घ्यायचा, मग घाटी उतरून माडापोफळींच्या आगरात शिरायचं, गाव ओलांडायचं आणि परत चढायला लागायचं. चढ लांबलचक नसतात, पण खडे असतात. तुमच्याकडचा घाट एकदा चढला की संपतो. इथे दिवसभर तुकड्यातुकड्याने घाट चालू असतो.

आणि अवी, मला हेच फार आवडतं. हे चढउतार पायांत उतरले की या किनाऱ्याचा इतिहास कुणी सांगावा लागत नाही. जिथे खाडी तिथे बंदर, आणि बंदराच्या तोंडाशी राखणीला किल्ला. मोटारीतून किल्ले सुटेसुटे दिसतात, पाटी आली की उतरायचं आणि बघायचं. सायकलवर मात्र उतार लागून ब्रेक धरताना बोटं दुखायला लागली की कळतं, खाडी आली. मग समोरच्या टेकाडावर नजर जाते आणि तटबंदी सापडतेच. सावित्रीच्या मुखावर बाणकोट, जो इंग्रजांनी घेतल्यावर फोर्ट व्हिक्टोरिया झाला. वाशिष्ठीवर अंजनवेलचा गोपाळगड. शास्त्रीवर जयगड. तिन्ही ठिकाणी मी खाडीकाठी बराच वेळ बसलोय. आत येणारं गलबत तिथून चुकणं शक्य नव्हतं.

वेळास म्हणजे नाना फडणविसांचं गाव, आणि ऑलिव्ह रिडले कासवांचंही. तिथून केळशी, आंजर्ले. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीचा चढ सोडायचा नाही. देवळाबाहेरून खाली जोग नदीची खाडी आणि दूर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. त्या जलदुर्गावर १७५५ साली मराठी आरमाराच्या तुळाजी आंग्र्यांवर इंग्रज कमोडोर जेम्स चालून आला, आणि पेशव्यांचं आरमार इंग्रजांच्या बाजूने होतं. आपल्याच माणसांनी आपलं आरमार मोडायला हातभार लावला, ही गोष्ट मला आजही सलते. समोर किल्ला दिसत असताना तर जास्तच.

हर्णैला दुपार उलटल्यावर पोहोचू, मुद्दाम. होड्या खोल पाण्यात नांगरतात आणि मासळी आणायला बैलगाड्या सरळ समुद्रात जातात. बैल पोटापर्यंत पाण्यात, गाडीवान उभा, लाट आली की गाडी किंचित उचलली जाते. ओल्या पुळणीवर ढीग लागतात, सुरमई, पापलेट, कोळंबी, आणि त्यांच्याभोवती कोंडाळं करून लिलाव चालतो. मला त्यातले भाव अजून पटकन कळत नाहीत, पण बायकांच्या आवाजावरून ढीग कुणाला जाणार हे ओळखता यायला लागलंय. सायकली मात्र वरच ठेवायच्या. खारी वाळू चेनमध्ये गेली की सगळा प्रवास करकरत होतो.

तिथून मुरूड जवळच. महर्षी कर्वे याच गावात वाढले. परीक्षेला बसण्यासाठी ते इथून सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते, आणि तिथे वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. शाळेत आपण हा धडा ऐकला तेव्हा नुसता ऐकला. मुरुडातून बाहेर पडणारा चढ लो गिअरवर चढताना मला तो मुलगा दरवेळी आठवतो. पुढे त्याच्यासमोर अख्खा सह्याद्री उभा होता.

कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे करत दाभोळ. एका वळणावर गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बसलेल्या आजोबांनी मला विचारलं होतं, "कुटं चाललाव?" मी म्हटलं, रत्नागिरीला. त्यांनी सायकलकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि घरातून तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा आणून दिला. पुढचा चढ किती आहे तेही सांगितलं, आणि तो खरोखर तेवढाच निघाला.

दाभोळ आज इतकं शांत आहे, की इथून एके काळी मक्केच्या यात्रेकरूंची जहाजं सुटत, यावर विश्वास बसणं कठीण. १५०८च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाने हे बंदर जाळून लुटलं. खाडीजवळची जुनी मशीद मात्र बघ, घुमट आणि चार मिनार, दगडी काम डोळ्यांत भरणारं. मग धक्क्यावर जायचं आणि धोपाव्याची फेरीबोट धरायची. फळी खाली येते, आधी मोटारी, टेम्पो, मग दुचाक्या, आणि आपण सायकली कठड्याला टेकवून उभे. सोबत टोपल्या घेतलेल्या बायका, शाळेची पोरं, एखादा नवरदेवाच्या घरचा आहेर. ही फेरी नसेल तर गाडीने चिपळूणवरून केवढा वळसा पडतो. नकाशा काढून बघ म्हणजे कळेल.

या खाड्यांवर आता रेवस-रेडी सागरी महामार्गाचे पूल होणार आहेत. ते व्हावेत, असंच मला वाटतं. रात्री-अपरात्री आजारी माणूस घेऊन धक्क्यावर थांबलेल्या घरांना पूल हवाच आहे. पण पुलावरून खाडी नुसती ओलांडली जाते. पाण्याच्या पातळीवरून, समोरून किल्ला हळूहळू मोठा होत येताना ती कळते. फेऱ्या चालू आहेत तोवर तू एकदा तरी ये, एवढ्यासाठीच हे लांबण लावलंय.

धोपाव्यापुढे गुहागर, वेळणेश्वर, हेदवीचा दशभुज गणपती, मग तवसाळहून दुसरी फेरी, जयगडला. जयगडच्या खंदकाशी थांबू, तिथून सड्यावर. रत्नागिरीकडच्या सड्यांवर जांभ्यात कोरलेली कातळशिल्पं आहेत. २०२२ साली त्यातल्या काही जागा युनेस्कोच्या प्राथमिक यादीत गेल्या. त्यांत गेंडासुद्धा आहे, जो आज कोकणात कुठेच नाही. उन्हं तिरपी असताना बघायची. दुपारी रेषा पुसट होतात. मालगुंडला केशवसुतांचं घर, गणपतीपुळे, आणि आरे-वारेचा तो रस्ता, एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला पुळण. तिथे मी वेगाचा विचारच करत नाही.

रत्नागिरीत थिबा राजवाडा. १८८५ साली राज्य गेलेला ब्रह्मदेशाचा राजा इथे नजरकैदेत राहिला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. त्याला दिलेला वाडाही खाडीकडे तोंड करून आहे, भाट्याच्या.

आता कामाचं. उत्तरेकडून दक्षिणेकडेच जायचं, कारण दुपारचा खारा वारा वायव्येकडून येतो आणि पाठीशी राहतो. पहाटे निघायचं, अकरापर्यंत अवघड चढ संपवायचे. पुढची छोटी चकती ३४ दात्यांची असू दे आणि मागची मोठी ३२ किंवा ३४ची. टायर २८ मिलिमीटरच्या खाली नको, उतारांवर वळणाशी बारीक खडी असते. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने चेन धुऊन, पुसून तेल द्यायचं, नाहीतर खारी हवा दोन दिवसांत गंज चढवते. खेड स्टेशनपर्यंत ट्रेनने ये, तिथून दापोलीवरून वेळासपर्यंत सायकली टेम्पोत टाकू. तुझे पाय वेळासपासून लागतील.

रजा कधी मिळते ते कळव, म्हणजे गुहागरला राहायचं बोलून ठेवतो. वहिनींना नमस्कार, चिनूला आशीर्वाद.

तुझा,
मंदार