वाटलेला डाव मध्येच बदलतो: सॉलिटेअरच्या नव्या आवृत्तीबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: क्लॉन्डाइकमध्ये वाटल्यानंतर पाने बदलणे, फ्रीसेलचे डाव-क्रमांक चुकणे आणि इतर दोष

महोदय,

आपल्या सॉलिटेअर संचाची (एकट्याने खेळायच्या पत्त्यांच्या खेळांची) पैसे भरून घ्यायची, संगणकावरची आवृत्ती आम्ही वापरतो. क्लॉन्डाइक, फ्रीसेल आणि स्पायडर हे तीन खेळ, ठळक आकड्यांची पाने आणि बाकी कसला गोंगाट नाही, एवढ्यासाठी ती घेतली. नव्या अपडेटनंतर तिन्ही खेळांत दोष शिरले आहेत. त्यांतले किरकोळ शेवटी लिहितो. पहिला मात्र किरकोळ नाही: क्लॉन्डाइकमध्ये पाने वाटून झाल्यावरही ठरलेली नसतात.

खात्री करायला दोन मिनिटे पुरतात. तीन-तीन पाने उलटण्याचा नवा डाव सुरू करा. न वाटलेल्या पानांच्या गठ्ठ्यावर एकदा क्लिक करा आणि वर आलेले पान लिहून ठेवा. अनडू करा, म्हणजे चाल मागे घ्या, आणि पुन्हा क्लिक करा. वेगळेच पान येते. कॉलममध्येही, म्हणजे मांडलेल्या पानांच्या उभ्या रांगेतही, तेच. समजा, लाल अठ्ठी उचलून काळ्या नव्वीवर ठेवली आणि तिच्याखालचे पालथे पान उलटल्यावर इस्पिकची राणी निघाली. अनडू करून हीच चाल पुन्हा खेळा. त्याच जागी आता चौकटची तिर्री असते. ही तपासणी डावाच्या आरंभीच करा. तेव्हा कॉलमांत २१ पालथी आणि गठ्ठ्यात २४, मिळून ४५ पाने न दिसलेली असतात, त्यामुळे तेच पान योगायोगाने पुन्हा येण्याची शक्यता ४५ मध्ये १. डाव संपत आला आणि न दिसलेली दोनच पाने उरली, की निम्म्या वेळा दोष दिसणारच नाही. आपल्या तपासनीसांना "आमच्याकडे बरोबर चालते" असे वाटले असेल, तर त्याचे कारण बहुधा हेच.

यावरून दिसते ते असे, की प्रोग्राम आरंभीच ५२ पाने पिसून जागच्या जागी ठेवत नाही. न दिसलेल्या पानांची यादी बाळगतो आणि पान उलटायच्या क्षणी त्यातून एक उचलून देतो. नुसत्या शक्यतेच्या हिशेबाने पाहिले तर पहिल्यांदा पान उलटताना या दोन रीतींत फरक नाही, हे आम्हालाही मान्य आहे. पण खेळात अनडू आहे, गठ्ठा पुन्हा पुन्हा फिरवता येतो आणि "हाच डाव पुन्हा" हे बटणही आहे. या तिन्हींना अर्थ येतो तो पाने जागेवर असली तरच.

गठ्ठ्याच्या बाबतीत तर नुकसान थेट खेळाचे आहे. नियम सरळ आहे: गठ्ठा संपला की उघडी पाने न पिसता तशीच पालथी करायची आणि पुन्हा उलटत जायचे. तीन-तीनच्या डावात २४ पाने म्हणजे आठ वेळा उलटणे. काहीच उचलले नाही तर ३, ६, ९, १२ असे करत २४ व्या स्थानापर्यंतची आठच पाने वर येतात, आणि पुढच्या फेरीतही तीच. आता त्यांतले ९ वे पान उचलून खेळले, की पुढच्या फेरीत ३ आणि ६ तीच राहतात, पण त्यानंतर १०, १३, १६, १९, २२ आणि शेवटी २४ अशी पाने वर येतात. ९ च्या पाठोपाठ ८ वेही उचलले तर ११, १४, १७, २०, २३ आणि २४. कोणते पान किती उचलले म्हणजे खालचे कोणते मोकळे होईल, हा हिशेब हाच तीन-तीनच्या डावाचा जीव आहे. हातात आलेले खेळण्याजोगे पानही मुद्दाम न खेळता पुढच्या फेरीसाठी राखून ठेवायचे, ते या हिशेबापायीच. नव्या आवृत्तीत प्रत्येक फेरीला गठ्ठ्याचा क्रम बदलतो, म्हणून लक्षात ठेवण्याचा काही उपयोग राहत नाही. एकेक पान उलटण्याच्या डावात हा बदल चटकन जाणवत नाही, कारण तिथे फेरीत सगळीच पाने हाती लागतात.

हे सगळे "फक्त जिंकता येणारे डाव" या आपल्या नव्या पर्यायासाठी केले असावे, असा आमचा तर्क आहे. तसे असेल तर अशी आडवाट घ्यायची गरज नाही. सगळी पाने माहीत आहेत असे धरून शोधले, तर तीन-तीनच्या क्लॉन्डाइकचे सुमारे ८२ टक्के डाव सुटतात. म्हणजे नीट पिसलेल्या सहा डावांमागे जवळपास पाच सुटणारे. डाव आधी पूर्ण पिसावा, सोडवणाऱ्या प्रोग्रामला दाखवावा, सुटला तर खेळाडूला द्यावा, नाही तर दुसरा पिसावा. काही डावांचा निकाल लवकर लागत नाही. ठरावीक वेळेत उत्तर आले नाही तर तो डावही टाकून द्यावा, त्याने कुणाचे बिघडत नाही. खेळाडूला पालथी पाने दिसत नसल्याने तो त्यांतलेही पुष्कळ डाव हरणारच, आणि तसेच व्हायला हवे. पाने मागाहून बदलून जिंकवलेला डाव जिंकण्यात कसली गंमत?

आता फ्रीसेल. इथे ५२ ही पाने उघडी असतात, चार कॉलमांत सात-सात आणि चारांत सहा-सहा, त्यामुळे पाने बदलण्याचा प्रश्न येत नाही. इथे बिघडले आहेत ते डावांचे क्रमांक. आपल्या मदतपानावर "जुन्या विंडोजमधील १ ते ३२,००० क्रमांकांचे डाव" असे अजूनही लिहिलेले आहे. त्या मांडणीत १ क्रमांकाच्या डावाची वरची ओळ डावीकडून अशी येते: चौकटचा गुलाम, चौकटची दुर्री, बदामची नव्वी, किलवरचा गुलाम, चौकटची पंजी, बदामची सत्ती, किलवरची सत्ती, बदामची पंजी. आपल्या नव्या आवृत्तीत १ क्रमांक टाकला की भलताच डाव येतो. ११९८२ हा त्या ३२,००० मधला एकमेव न सुटणारा डाव म्हणून फ्रीसेल खेळणाऱ्यांना पाठ असतो; आपल्याकडे तो क्रमांक सहज सुटतो. क्रमांक जुळले नाहीत तर "आज अमुक क्रमांक खेळून बघ" असे एकमेकांना सांगण्यातला सगळा अर्थ जातो, आणि वर्षानुवर्षे जपलेल्या क्रमांकांच्या याद्या रद्दी होतात.

दोष कुठे असावा याचाही अंदाज देतो. जुनी पिसण्याची रीत उघड आहे: मागच्या आकड्याला २१४०१३ ने गुणायचे, त्यात २५३१०११ मिळवायचे, उत्तराच्या खालच्या ३१ बिटांपैकी (द्विमान अंकांपैकी) वरचे १५ घ्यायचे आणि उरलेल्या पानांच्या संख्येने भागून बाकी काढायची, त्या जागेचे पान वाटायचे आणि रिकाम्या जागी यादीतले शेवटचे पान आणायचे. डाव-क्रमांक हा आरंभीचा आकडा. मात्र हे सगळे जुळायला न पिसलेला कॅट ठरावीक क्रमाने मांडलेला लागतो: चार एक्के किलवर, चौकट, बदाम, इस्पिक या क्रमाने, मग त्याच क्रमाने चार दुऱ्या, असे राजापर्यंत. कुणी कोड "नीटनेटका" करताना आधी सगळे किलवर, मग सगळे चौकट अशी मांडणी केली असेल, तर गणित बरोबर राहूनही प्रत्येक डाव वेगळा निघेल. वरची आठ पाने जुळतात का, एवढी एक चाचणी जोडली असती तर हा दोष आमच्यापर्यंत पोहोचलाच नसता.

फ्रीसेलमधला दुसरा दोष म्हणजे एकदम किती पाने हलवू द्यायची याचा हिशेब. रिकामे सेल (एकेक पान तात्पुरते ठेवायच्या जागा) अधिक एक, आणि प्रत्येक रिकाम्या कॉलममागे त्याची दुप्पट. दोन सेल आणि एक कॉलम रिकामा असेल तर तीन गुणिले दोन, म्हणजे सहा पानांची रांग दुसऱ्या पानावर नेता येते. तीच रांग त्या रिकाम्या कॉलममध्येच न्यायची असेल तर तो कॉलम मधल्या मुक्कामाला वापरता येत नाही, म्हणून तीनच. नवी आवृत्ती दोन्हीकडे सहा हलवू देते. ही सवलत नाही, नियमभंग आहे. एकेक पान हलवून जे जमणार नाही ते एका ओढण्यात होऊ लागले, तर न सुटणारे डावही सुटलेले दिसतात. शिवाय रिकाम्या कॉलममध्ये सगळी रांग न्यायची की शेवटचे एकच पान, हे प्रोग्रामने विचारायला हवे. आता तो न विचारता सगळी उचलतो.

आपोआप चालींबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण रोज सगळ्यांत जास्त त्रास त्यांचाच. वरच्या ढिगावर (जिथे एक्क्यापासून राजापर्यंत एकाच चिन्हाची पाने रचायची) जाऊ शकणारे प्रत्येक पान प्रोग्राम आता लगेच वर पाठवतो आणि ते बंद करायची सोय नाही. एक्के आणि दुऱ्या वर गेल्याने कधीच बिघडत नाही. त्यापुढच्या पानांना अट आहे: विरुद्ध रंगाची, एकने लहान असलेली दोन्ही पाने आधी वर गेलेली असली, तरच ते पान आपोआप पाठवणे निर्धोक. बदामची पंजी घ्या. इस्पिकची आणि किलवरची चव्वी दोन्ही वर असतील, तर तिच्यावर ठेवायला कुणी उरत नाही. खुशाल जाऊ द्या. किलवरची चव्वी अजून खाली अडकलेली असेल, तर तिला उतरायला बदामची पंजी लागू शकते, आणि प्रोग्रामने ती आधीच वर नेऊन ठेवलेली असते. क्लॉन्डाइकमध्ये ती परत खाली आणली की १५ गुण कापले जातात. चाल प्रोग्रामची, दंड खेळाडूला.

तीच गत एका क्लिकची. काळ्या नव्वीवर क्लिक केले आणि दोन लाल दश्श्या मोकळ्या असल्या, तर ती डावीकडच्या दश्शीवरच जाऊन बसते. कोणत्या दश्शीवर ठेवायची, हा निर्णय खेळाडूचा आहे. ओढून नेले तर जागा निवडता येते, पण ओढायला जरा उशीर झाला की प्रोग्राम त्यालाही क्लिक समजतो.

वेळ लावून खेळताना जिंकल्यावरचा बोनस म्हणजे ७,००,००० भागिले लागलेले सेकंद, असे आपले मदतपान सांगते. विंडोजमधल्या जुन्या खेळाचाही हिशेब हाच होता. पण पाने सरकण्याचे नवे सावकाश अ‍ॅनिमेशन चालू असताना घड्याळ थांबत नाही. १२० सेकंदांत संपणाऱ्या डावात त्यापायी ३० सेकंद वाढले, तर ५,८३३ चे ४,६६६ होतात. अ‍ॅनिमेशन बंद करता यावे, किंवा निदान तेवढा वेळ घड्याळ थांबावे.

स्पायडरमध्ये दोनच गोष्टी. राजापासून एक्क्यापर्यंतची १३ पाने जुळून बाजूला गेली, की त्याआधीची चाल अनडू होत नाही. जुन्या आवृत्तीत होत असे. आणि कॉलम रिकामा असताना पुढची दहा पाने वाटता येत नाहीत हा नियम योग्यच आहे, पण तेव्हा गठ्ठा नुसता मुका बसतो. नवख्याला वाटते की खेळ अडकला. एक ओळ लिहून यायला हवी.

उरलेले थोडक्यात: इंटरनेट बंद असले तर खेळ उघडत नाही, खिडकी बंद केली तर अर्धवट डाव जपला न जाता हार म्हणून नोंदला जातो, बदाम आणि चौकट यांचे लाल रंग आता इतके फिके आहेत की लहान पडद्यावर ओळखू येत नाहीत, आणि पैसे भरलेल्या आवृत्तीत दर डावानंतर रोजच्या आव्हानाची पाटी आडवी येते.

१९९० साली विंडोज ३.० बरोबर आलेले सॉलिटेअर वेस चेरी यांनी लिहिले होते आणि त्याची पाने सुझन केअर यांनी रेखाटली होती. त्यात अनडू एकाच चालीचे होते, पण मागे जाऊन पुन्हा तीच चाल खेळली तर तेच पान येई. आम्ही त्याहून जास्त काही मागत नाही.

आमच्या मागण्या अशा. पाने डावाच्या आरंभीच कायमची ठरावीत आणि डाव-क्रमांक क्लॉन्डाइकलाही मिळावा, म्हणजे कुणालाही पडताळून पाहता येईल. फ्रीसेलची जुनी मांडणी परत यावी. नवी ठेवायचीच असेल तर वेगळ्या नावाने ठेवावी. आपोआप चालींना "कधीच नाही", "निर्धोक असतील तरच" आणि "सगळ्या" असे तीन पर्याय द्यावेत. हे होईपर्यंत आधीची आवृत्ती उतरवून घेण्याची लिंक द्यावी. अपडेटनंतर खिडकी बंद केल्यामुळे हार म्हणून नोंदलेले डाव आकडेवारीतून वगळावेत.

अनडूनंतर पान बदलते त्याचे पडद्याचे रेकॉर्डिंग, फ्रीसेलच्या १ आणि ११९८२ क्रमांकांची चित्रे आणि प्रोग्रामचा आवृत्ती-क्रमांक सोबत जोडला आहे. "प्रोग्राम काढून पुन्हा टाका" असे ठरावीक उत्तर कृपया पाठवू नये. ते करून झाले आहे आणि त्याने फरक पडत नाही. दुरुस्ती केव्हा येणार ते कळवावे. दुरुस्ती करायची नसेल, तर भरलेले पैसे परत करण्याची पद्धत कळवावी.

आपले,
सॉलिटेअर संचाचे काही ग्राहक