सोळाव्या लेण्यात भरलेला वर्ग

छत्रपती संभाजीनगर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. माझ्या कॉलेजातल्या पोरांकडून नाटक करून घ्यायला ये म्हटलं, तर एमबीबीएसच्या पोरांना चित्रं न् नाटकं कशाला, असं तू विचारलंस. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

आपल्याकडचं पोरगं लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये चार पर्यायांतला बरोबर एक शोधायला शिकून येतं. हुशार असतं, कष्टाळू असतं. पण वॉर्डातली म्हातारी पर्याय देत नाही. "लेकरा, जीव नुसता घाबरा होतोय, हातपाय गळून गेलेत," एवढंच म्हणते. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत केसपेपरवर 'वीकनेस' उमटतं. कुठल्याही वॉर्डात जा, सात नंबरच्या खाटेवरचा माणूस सीनियरांच्या तोंडी 'सात नंबरचं लिव्हर' असतो, आणि महिनाभरात ही पोरंही तसंच बोलायला लागतात. डॉक्टर म्हणून आपण कोण, हे ती पुस्तकातून कमी आणि अशा बोलण्यातून जास्त उचलतात. ही सवय अंगात मुरायच्या आधी त्यांना गाठावं, एवढीच माझी धडपड.

म्हणून त्यांना अजिंठ्याला नेलं. सोळाव्या लेण्यात ती प्रसिद्ध 'मरणासन्न राजकुमारी' आहे. नाव मी सांगितलं नाही. अट एकच घातली: निदान करायचं नाही, दिसतं तेवढंच बोलायचं. तरी 'ॲनिमिया' झालं, 'सिंकोप' म्हणजे चक्कर येऊन शुद्ध जाणं, तेही झालं. मग अंधाराला डोळे सरावले तशी पोरं सावकाश बोलायला लागली. मान कलंडलीय. पापण्या जड झाल्यात. एकीनं मागून सावरलंय, दुसरीनं हात धरलाय. एक मुलगी म्हणाली, "सर, हिच्यापेक्षा हिच्या माणसांचे चेहरे बघा ना." ओपीडीत नातेवाइकांना आधी बाहेर काढणारी हीच पोरं! शेवटी गोष्ट सांगितली. बुद्धांचा सावत्र भाऊ नंद भिक्षू झाला, सेवक त्याचा मुकुट घेऊन आला, आणि ते पाहून त्याची बायको सुंदरी कोसळली, असा या चित्राचा अर्थ अभ्यासक लावतात. हिस्टरी, म्हणजे आधीची हकिगत, न घेता 'मरणासन्न' म्हणून मोकळं झाल्यावर काय होतं, ते वेगळं शिकवावं लागलं नाही.

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना असंच चित्रांसमोर उभं केलं, तर त्यांचं निरीक्षण सुधारलं, असा अभ्यास 2001 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलाय. आपल्याकडे 2019च्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवादाचा 'एटकॉम' हा भाग आला. चांगलं झालं. पण लॉगबुकवरच्या सहीनं कोणी रुग्णाच्या जागी उभं राहत नाही.

तिथं मला तू हवास. नाथांच्या भारुडात आंधळा, बहिरा, जोशी ज्याच्या त्याच्या तोंडानं बोलतात. सोंग घेऊन दुसऱ्याचं दुःख बोलायची रीत आपल्या मातीत आहे. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये ब्राझीलचा नाटककार ऑगस्टो बोआल याच्या पद्धतीनं विद्यार्थ्यांची नाटकं झालीत. प्रेक्षकानं प्रसंग थांबवायचा आणि स्वतः त्यात उतरायचं. माझ्या डोक्यात एक प्रसंग आहे. शेतकऱ्यानं फवारणीचं औषध घेतलंय, आयसीयूबाहेर त्याची बायको बसलीय, कडेवर पोर. "वाचंल का माझा मालक?" असं ती विचारते. तिला काय सांगायचं, उभ्यानं की बसून, पोरासमोर की नाही? हे इंटर्नशिपमध्ये रात्री दोन वाजता पहिल्यांदा सुचायला नको. आधी एकदा चुकायला जागा हवी.

मानधन फार जमणार नाही, जाण्यायेण्याचं आणि राहण्याचं मी बघतो. टर्मिनल परीक्षेच्या आधीचा शनिवार-रविवार मिळाला तर उत्तम. तारीख लवकर कळव, हॉल अडवून ठेवावा लागतो.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझाच