माथ्यावरचं पाणी

तूलूझ, फ्रान्स, रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, काल नोरूझ नावाच्या ठिकाणी जाऊन आले. तिथे सारखी तुमचीच आठवण येत होती. व्हिडिओ कॉलवर मी घराजवळचा कालवा दाखवते ना, कनाल द्यू मिदी, त्याचा सगळ्यात उंच माथा तिथे आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटरवर. डोंगरातून आलेल्या पाण्याला तिथे दोन फाटे फुटतात. एक तूलूझवरून गारोन नदीच्या वाटेने अटलांटिककडे, दुसरा भूमध्य समुद्राकडे. महाबळेश्वरला तुम्ही दाखवलं होतंत, कृष्णा पूर्वेच्या समुद्राला जाते आणि सावित्री पश्चिमेच्या. इथे तेच माणसाने घडवून आणलंय.

दोन समुद्र जोडायचा विचार जुनाच होता, म्हणजे जहाजांचा स्पेनचा वळसा वाचला असता. पण माथ्यावर पाणी आणायचं कुठून, इथे सगळं अडायचं. ते कोडं सोडवलं पिएर-पोल रिकेने. तो इंजिनिअर नव्हता, मिठाचा कर वसूल करायचा. त्याने माँतान्य न्वारच्या डोंगरातले ओढे अडवले आणि मैलोन्‌मैल पाट काढून पाणी उताराउताराने माथ्यावर आणलं. १६६६ साली राजा चौदाव्या लुईने मंजुरी दिली. साँ-फेरेओलचं धरण १६७२ पर्यंत झालं. तीन समांतर दगडी भिंती आणि मधे भराव. साडेतीनशे वर्षं झाली, कालवा अजून त्याच पाण्यावर आहे! तुमची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, तुम्हाला हे काय आहे ते सांगायला नको.

आणि लॉकच्या, म्हणजे पाणी भरून-सोडून नावा वर-खाली करायच्या हौदांच्या, भिंती सरळ नाहीत, बाहेरच्या बाजूला फुगलेल्या आहेत. सुरुवातीची सरळ भिंत मातीच्या दाबाने ढासळली, म्हणून त्याने कमान आडवी झोपवावी तशा त्या बांधल्या.

आई, तुझ्यासाठी वेगळी गोष्ट. एका वेळी बारा हजारांपर्यंत माणसं कामावर असायची. त्यात पाट्यांनी माती वाहणाऱ्या बायकाही होत्या. रिके महिन्याचा पगार द्यायचा, पावसाने काम बंद पडलं किंवा माणूस आजारी पडला तरी. बहात्तरच्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची, एक खाडा झाला की त्या दिवसाची चूल अडायची. वाचताना तीच डोळ्यांपुढे आली.

रिकेने स्वतःचा पैसा ओतला, लेकींच्या हुंड्याचासुद्धा. २४० किलोमीटरचा कालवा संपत आला आणि १६८० साली तो गेला. पहिल्या नावा निघाल्या त्या पुढच्या मे महिन्यात. मला याचं फार वाईट वाटतं.

यंदा तुम्ही दोघं याच. नोरूझची वाट अगदी सपाट आहे, आई, गुडघ्यांना त्रास व्हायचा नाही. पाणी फुटतं तिथे बाबांना उभं करून मला एक फोटो काढायचाय.

तुमची,
ताई