दुसऱ्या खुर्चीत कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेत स्वतःचं विमान घेऊन ते स्वतःच उडवणाऱ्या मराठी मंडळींवरचा लेख गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. फोटो झकास होते. विमानाची किंमत आली, वेग आला, कातडी खुर्च्या आल्या, डॅशबोर्डावरचे मोठाले पडदे आले. हिवाळा तेवढा कुठे आला नाही. मी सांताक्रूझला विमान देखभालीत 34 वर्षं काढली. माझे जावई न्यू जर्सीत अगदी असंच विमान घ्यायच्या बेतात आहेत, त्यामुळे या पत्रात स्वार्थ आहे हे आधीच कबूल करतो.

जावईबापूंचं म्हणणं असं : "बाबा, पंखातून द्रव झिरपतो, बर्फ धरतच नाही. ऑटोपायलट आहे. अगदीच काही झालं तर अख्ख्या विमानाला पॅराशूट आहे." या तिन्ही सोयी विमानात असतात हे खरं. पण द्रवाची टाकी काही वेळाने रिकामी होते. ती यंत्रणा बसवलेल्या प्रत्येक विमानाला पंखावर बर्फ धरवणाऱ्या ढगात जायची परवानगी असतेच असंही नाही. काहींना ती फक्त चुकून सापडल्यावर बाहेर पडण्यापुरती दिलेली असते. आणि उतरताना शेवटच्या काही शे फुटांत पॅराशूटला उघडायला जागाच उरत नाही.

शून्याखालच्या तापमानातही ढगात न गोठलेले पाण्याचे थेंब असतात. पंखाची पुढची कड त्यांवर आदळली की ते तिथेच गोठतात. लोकांना वाटतं वजनाने विमान पडतं. वजन नंतरचं, आधी पंखाचा आकार बिघडतो. खरखरीत पॉलिश पेपरइतका थरसुद्धा पंखाची उचल 30 टक्क्यांनी कमी करू शकतो आणि हवेचा विरोध 40 टक्क्यांपर्यंत वाढवू शकतो. असं विमान एरवी सुरक्षित असलेल्या वेगातच 'स्टॉल' होतं, म्हणजे पंख त्याला धरून ठेवत नाहीत.

8 डिसेंबर 2014 ला मेरिलँडमधल्या गेथर्सबर्गला नेमकं हेच झालं. एम्ब्राएर कंपनीचं फेनम 100 हे छोटं जेट, एकाच वैमानिकाने चालवायला मान्यता असलेलं. मालक स्वतः चालवत होते, बरोबर दोन प्रवासी. हे गृहस्थ नवशिके नव्हते. साडेचार हजारांहून जास्त तास उड्डाण झालेलं होतं. या प्रकारच्या विमानावरचे तास मात्र दीडशेहूनही कमी. पंखांच्या आणि शेपटीच्या कडांवर रबरी पट्ट्या होत्या, ज्या फुगून बर्फ फोडतात. त्या चालू करायचं बटण समोर होतं. शून्याखालच्या ढगांतून उतरताना ते दाबलंच गेलं नाही. उतरण्याचा वेगही स्वच्छ पंखाच्या हिशेबाने धरलेला होता. त्या विमानात ते बटण दाबलं की स्टॉलची सूचना देणारी यंत्रणाही सावध होते आणि लवकर ओरडते. बटण बंद, म्हणून तिलाही बर्फाचा पत्ता नाही. धावपट्टी मैलभरावर आली असताना विमान एका घरावर कोसळलं. विमानातले तिघे गेले, आणि घरातली आई आणि तिची दोन लहान मुलं. त्या माऊलीचा या सगळ्याशी काय संबंध होता?

अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे तिथल्या अपघात चौकशी मंडळाने, बर्फरोधक यंत्रणा न लावणं हे कारण ठरवलं आणि ती चालू करायची वेळ झाली की विमानानेच वैमानिकाला आठवण करून द्यावी, अशी शिफारस केली. ही शिफारस वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. आमच्या काळी आठवण करून द्यायला शेजारच्या खुर्चीत माणूस असायचा. कॅप्टन कितीही ज्येष्ठ असो, चेकलिस्ट एकाने वाचायची आणि दुसऱ्याने हात लावून उत्तर द्यायचं. "अँटी-आइस?" "ऑन." वीस वर्षं उडवणाऱ्यालाही यातून सूट नसे. मालक-वैमानिकाला प्रश्न विचारणारं कुणी नसतं, आणि शेजारी बसलेले मित्र त्याचे पाहुणे असतात.

दुसरा अपघात थोडक्यात सांगतो. 20 डिसेंबर 2011, न्यू जर्सीतल्या टेटरबरोहून अटलांटाकडे निघालेलं टीबीएम 700 हे एका इंजिनाचं छोटं विमान, पाचजण आत. पुढे बर्फ आहे हे जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकाने सांगितलं होतं. सरळ पार होता आलं तर अडचण नाही, असं वैमानिकाचं उत्तर होतं. काही मिनिटांतच त्यांना वर जायची परवानगी मागावी लागली. अशा वेळी परवानगीची वाट न पाहता बाहेर पडायचा अधिकार वैमानिकाला असतो. तो वापरला गेला नाही, असं चौकशीत नोंदवलं आहे. विमान न्यू जर्सीतल्याच मॉरिस काउंटीत आय-287 महामार्गावर पडलं. माझी लेक रोज त्याच रस्त्याने कामाला जाते.

ऑटोपायलटचंही सांगून टाकतो. बर्फ धरू लागलं की तो उंची राखायला गुपचूप नाक वर करत राहतो, वेग हळूहळू गळतो, आणि हाताला काहीच जाणवत नाही. झेपेनासं झालं की तो सुटतो आणि सगळ्यात वाईट क्षणी विमान माणसाच्या हातात देतो.

यावर "आपल्याकडे कुठे बर्फ?" असं कुणी म्हणेल. बारामती-गोंदियाला विमान शिकणाऱ्या मुलाच्या पंखावर बर्फ धरत नाही हे खरं. पावसाळ्यात शून्य अंश गाठायला पाच किलोमीटर वर जावं लागतं. (कार्बोरेटरमध्ये मात्र 20 अंशांच्या दमट हवेतही बर्फ होतं, ती निराळी गोष्ट.) पण आपली मुलं आता न्यू जर्सीत आणि टोरंटोत विमानं विकत घेताहेत. पैसे भरले की चावी मिळते. ढगातला पहिला हिवाळा कुणाबरोबर काढायचा, हे विक्रेता सांगत नाही.

मी जावईबापूंना एकच अट घातली आहे : पहिला पूर्ण हिवाळा शेजारी अनुभवी प्रशिक्षक, आणि चेकलिस्ट मोठ्याने वाचायची. "बघू" म्हणाले. लेक म्हणाली, "बघू नाही, हो म्हणा."

आपल्या बातमीदारांना पुढच्या वेळी एवढंच विचारायला सांगा : या प्रकारच्या विमानावर किती तास झाले, आणि गेल्या जानेवारीत शेजारच्या खुर्चीत कोण होतं?

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता,
डोंबिवली (पूर्व)